डावा हातमोजा

६ ऑक्टोबर १९९६, रविवार. बरबँक.

डीना काल दुकानातून एक कॅसेट घेऊन आली आणि आज जेवणं झाल्यावर पाठीमागे लपवून म्हणाली, "आजी, ओळख बघू काय आणलंय." डीना माझी नात. चोवीस वर्षांची आहे, व्हिडिओच्या दुकानात काम करते आणि दोन वर्षांपासून माझ्याकडेच राहते. तिने खोकं पुढे केलं आणि मी चष्मा लावून नाव वाचलं. ‘धक्क्यावरचा दिवा’. १९४८.

हा सिनेमा सिनेमावाल्यांनासुद्धा आठवत नाही. एका मोठ्या चित्राच्या जोडीला दोन आठवडे लावला होता आणि मग डब्यात गेला. मी त्याची स्क्रिप्ट गर्ल होते. कोणत्या शॉटमध्ये कोणाच्या हातात काय, बटण लावलेलं की उघडं, ग्लास अर्धा की भरलेला, हे सगळं लिहून ठेवायचं माझं काम. आमची नावं तेव्हा पडद्यावर येत नसत. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ह्या कामाचा पगार घेणारी मी एकटीच असेन.

बाहेर सांता आनाचा गरम वारा सुटलाय, म्हणून पडदे ओढून बसलो. गोष्ट साधीच. मोठ्या दुकानात हातमोजे विकणारी मुलगी एका देखण्या दागिनेचोराच्या प्रेमात पडते. त्याचा धंदा कळल्यावर निरोप घ्यायला त्याच्या खोलीवर जाते. डावा मोजा काढून टेबलावर ठेवते, त्याने दिलेली अंगठी बोटातून काढून परत करते आणि तशीच निघते. मोजा तिथेच राहतो. पुढे त्याच खोलीत एका साथीदाराचा खून होतो आणि पोलिसांना तो मोजा सापडतो. चोर एव्हाना बोटीवर बसून सुटलेला असतो. खून तिनेच केला असणार असं त्याला वाटतं, तरी तो परत येतो आणि ‘मी केला’ म्हणून पोलिसांसमोर उभा राहतो.

फक्त एक घोटाळा. खोलीतून निघून ती जिना उतरते तेव्हा दोन्ही हातांत मोजे.

"थांब, थांब, थांब!" डीनाने रिमोट उचलला. तीनदा मागे नेऊन बघितलं. "आजी, मोजा टेबलावर होता ना आत्ता? मग पोलिसांना काय सापडलं, तिसऱ्या हाताचा मोजा?" हसून हसून सोफ्यावरून खाली आली. "हे बघणं कोणाचं काम असायचं गं?"

"असायचं कोणाचं तरी."

"आणि हा बावळट! न केलेला खून अंगावर घेतो. कोण करतं असं?"

"कोणी नाही करत. लेखकाला शेवट सुचला नाही की असली माणसं आणायचे," मी म्हटलं आणि भांडी घासायला उठले.

८ ऑक्टोबर, मंगळवार

कॅसेट पिठाच्या डब्यामागे ठेवली होती. डीनाने शोधून काढली. म्हणते, "तुला बघवत नाही का? इतकी काही वाईट नाही."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. आज सकाळी ती निळा कप उजव्या हातात घेऊन बाहेर गेली आणि डाव्या हातात घेऊन परत आली, हे माझ्या लक्षात आहे. एवढं सगळं लक्षात ठेवून मिळवलं काय?

१० ऑक्टोबर, गुरुवार

युनियनचं निवृत्तांचं पत्रक आलं. शेवटच्या पानावर पत्ते बदललेल्यांची यादी असते. ‘मिल्ट सोबेल, प्रॉपर्टी विभाग. ३१ ऑक्टोबरपासून मुक्काम ट्युसन, अ‍ॅरिझोना, मुलीकडे.’

मिल्ट दोन वर्षांपासून इथे वृद्धाश्रमात आहे, माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर. मला ते माहीत होतं. दोन वर्षांत मी एकदाही गेले नाही. नाताळला कार्ड पाठवलं, खाली फक्त सही.

आता तीन आठवडे उरलेत. तो सत्त्याहत्तर वर्षांचा आहे आणि मी चौऱ्याहत्तरची. ट्युसनला गेला की पुन्हा भेट नाही, हे कळायला मला कोणी ज्योतिषी नको. त्याच्यासमोर बसून एक वाक्य बोलायचं राहिलंय. अठ्ठेचाळीस वर्षं राहिलंय.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आज लिहूनच टाकते. तोंडाने बोलता येत नसेल तर निदान हाताने.

खोलीतला प्रसंग म्हणजे सीन चौऱ्याऐंशी. पहिल्या चार टेकमध्ये नायिका दोन्ही मोजे घालून बाहेर जात होती. पाचव्या टेकच्या आधी दिग्दर्शकाने तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तिने डावा मोजा टेबलावर ठेवला. मी तेव्हा तिच्याकडे बघत नव्हते. कॅमेऱ्यामागे मिल्ट उभा होता. प्रॉपर्टीवाला, म्हणजे सेटवरच्या वस्तू सांभाळणारा, लांब मानेचा, तेव्हा एकोणतीस वर्षांचा. मला हसवायला तो एक ॲशट्रे डोक्यावर टोपीसारखी धरून गंभीर चेहऱ्याने उभा होता. आम्ही चार महिने बरोबर फिरत होतो. मी हसले आणि चार टेकची नोंद पाचव्यालाही लावली. ‘बाहेर जाताना दोन्ही मोजे हातात.’ मूळ प्रत माझ्या फायलीत, पिवळी कार्बन प्रत कपडेपटात.

नऊ दिवसांनी जिन्याचा शॉट झाला. कपडेपट सांभाळणाऱ्या बेस नावाच्या बाईने माझी नोंद वाचून नायिकेला दोन्ही मोजे चढवले. घोटाळा रशेसमध्ये, म्हणजे कच्चं चित्रण बघताना दिसला, तोवर जिन्याचा सेट मोडून झाला होता आणि नायिका दुसऱ्या स्टुडिओत गेली होती. निर्मितीचे साहेब क्रॉल म्हणून होते. त्यांनी सगळ्यांना दुसऱ्या दिवशी दोन वाजता कागद घेऊन बोलावलं.

त्या काळी एका चित्रात चुकलेल्या मुलीला दुसरं मिळत नसे. घरात आई अंथरुणाला खिळलेली. हे कारण मी स्वतःला अठ्ठेचाळीस वर्षं सांगते आहे आणि ते खोटंही नाही. पण ते पुरतही नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टायपिंगची खोली रिकामी होती. मी ते पान नव्याने टाईप केलं. ‘डावा मोजा टेबलावर राहतो.’ जुनं पान फाडून पर्समध्ये घातलं. तेवढ्यात मिल्ट आला, हातात दोन सँडविच, एक अंड्याचं आणि एक हॅमचं. दोन्ही माझ्या टेबलावर ठेवली आणि निघून गेला. त्याला भूक नसावी.

मग कपडेपटातल्या पिवळ्या प्रतीची आठवण झाली. धावत गेले. बेस फाइल उलटीपालटी करत होती. पान नव्हतं. मी देवाचे आभार मानले.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट. मोजा हातात असला की तो कपडेपटाचा. काढून टेबलावर ठेवला की प्रॉपर्टीचा. क्रॉलसाहेबांनी माझी नोंद वाचली, बेसकडे बघितलं. बेस म्हणाली, "साहेब, माझ्या नोंदीत दोन्ही मोजे होते." कागद दाखव म्हटल्यावर दाखवायला कागद नाही. ती रडकुंडीला आली. तेव्हा मिल्ट पुढे झाला. "साहेब, बेसला बोलू नका. टेबलावरचा मोजा माझ्या ताब्यातला. मी उचलून कपड्यांच्या ट्रेमध्ये टाकला आणि कोणाला सांगितलं नाही. तिला दोन्ही सापडले, तिने दोन्ही घातले."

त्याने खरंच तसं केलं असेल, असं मला वाटलं. त्याला वस्तू आवरायची खोडच होती. निदान तसं वाटून घ्यायला मला बरं पडलं. मी खाली बघत उभी राहिले. संध्याकाळी त्याचा हिशेब करून त्याला घरी पाठवलं. पुढे इथे एकाही स्टुडिओने त्याला घेतलं नाही. तो फ्रेस्नोला भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला.

तिथून त्याची दोन पत्रं आली. पहिल्यात दुकानाची हकिकत आणि शेवटी: ‘काही सांगावंसं वाटलं तर सांग. शनिवारी बस सुटते.’ चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, संशय आला असणार आणि जाब विचारायला येणार. म्हणून पुढचे दोन शनिवार मी घराबाहेरच काढले. दुसरं एक साधं कार्ड होतं, द्राक्षांचं चित्र, मागे एकच ओळ: ‘शनिवारी बस अजून सुटते.’ त्याला बसचं भारीच कौतुक. मी दोन्हींना उत्तर दिलं नाही. अडीच वर्षांनी वॉल्टरशी लग्न केलं. वॉल्टर चांगला माणूस होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

फोन केला. तीनदा नंबर फिरवून ठेवला, चौथ्यांदा वाजू दिला.

"कोण, हेझल? हेझल डनिंग?" माझं माहेरचं आडनाव घेणारं जगात आता दुसरं कोणी नाही. "मास्तरीणबाई, अजून जिवंत आहेस होय? कार्डावरची सही इतकी सरळ असते, मला वाटलं बँकेतून येतात."

मी म्हटलं, नातीने आपला सिनेमा आणलाय, रविवारी बघायला ये. तो म्हणाला, "मोज्याचा?"

"मोज्याचा."

"येतो. केक तुझ्या झाडाच्या लिंबांचा असेल तर."

माझ्या दारात लिंबाचं झाड आहे हे त्याला कोणी सांगितलं, कोण जाणे.

१९ ऑक्टोबर, शनिवार

केक केला. पहिला बसला, दुसरा बरा झाला. वाक्य आरशासमोर म्हणून बघितलं. ‘मिल्ट, ती नोंद चुकीची होती आणि ती मी बदलली.’ सतरा वेळा म्हटलं. डीनाने दाराबाहेरून विचारलं, "आजी, कोणाशी बोलतेस?"

२० ऑक्टोबर, रविवार

डीना गाडी घेऊन गेली आणि त्याला घेऊन आली. बो-टाय, तपकिरी कोट, वरचं बटण तुटलेलं. मान अजून लांब आहे. डाव्या कानाने ऐकू येत नाही म्हणाला, म्हणून मी त्याच्या उजव्या बाजूला बसले.

आल्या आल्या भिंतीकडे बघून म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमचं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे." आणि डीनाला म्हणाला, "तुझ्या आजीच्या तोंडावर असं बोलायची हिंमत पूर्वी कोणात नव्हती."

सिनेमा सुरू झाला तसा तो खुलला. "तो दिवा माझा. ती खुर्ची मी पासाडिनाच्या एका विधवेकडून आणली होती. आणि ॲशट्रेतली थोटकं बघ, सात आहेत, एकेक मोजून ठेवलंय."

"सहा," मी म्हटलं.

"सात."

डीनाने चित्र थांबवलं आणि पडद्याला नाक लावून मोजली. सहा निघाली. मिल्ट इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसले. किती वर्षांनी, देव जाणे.

मग तो प्रसंग आला. नायिकेने मोजा टेबलावर ठेवला. मी सवयीने आजूबाजूला पाहिलं. डीना पडद्याकडे बघत होती. मिल्ट पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता, कप डाव्या हातात, अर्धा भरलेला. चष्म्याचा नंबर बदलायला झाला असेल.

"बघा, बघा, आता गंमत बघा," डीना ओरडली. जिन्यावर दोन्ही मोजे. "मिल्ट, ही कोणाची करामत?"

"माझी, पोरी." आणि त्याने सगळं सांगितलं, मोजा कधी कपडेपटाचा आणि कधी प्रॉपर्टीचा, आणि त्याने तो कसा ट्रेमध्ये टाकला.

"म्हणजे ह्यासाठी तुम्हाला काढून टाकलं? एका मोज्यासाठी?"

"काढलं म्हणून तर फ्रेस्नोला गेलो. दुकान झालं, एलीनॉरसारखी बायको मिळाली, मुलगी झाली. उपकारच म्हणायचे त्या मोज्याचे."

मी कप खाली ठेवला. "मिल्ट, त्या मोज्याबद्दल मला तुला..."

"केक आहे का अजून?"

आणला. बसले. पुन्हा सुरुवात केली. "मिल्ट, ऐक ना. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत..."

"डीना, आवाज वाढव गं. ह्या कानाने ऐकू येत नाही."

मी उजव्या बाजूला बसले होते हे इथे लिहून ठेवते. बहुतेक दुसराही कान चाललाय.

नंतर डीना किल्ली शोधायला आत गेली तेव्हा आम्ही दोघंच गाडीपाशी उभे होतो, मिनिटभर तरी. दोनदा त्याने अडवलं होतं. तिसऱ्यांदा मला कोणीही अडवलं नव्हतं. मी म्हटलं, "कोटाचं वरचं बटण लावून घे तिकडे गेल्यावर." तो म्हणाला, "बरं, मास्तरीणबाई." आणि गाडी गेली.

२१ ऑक्टोबर, सोमवार

भित्री. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

डीना मिल्टचं सामान बांधायला मदत करून आली. मलाही चल म्हणाली होती. मी गुडघा दुखतो असं सांगितलं. दुखत होता, पण इतका नाही.

येताना त्याची कामाची जुनी लाकडी पेटी घेऊन आली. मुलीने दोनच सुटकेस आणायला परवानगी दिलीय, म्हणून त्याने पेटी डीनाला दिली. "म्हणाला, नीट उघडा, आणि तळाचा खण आजीला उघडू दे, तो अडकतो, तिला सवय आहे." मला कसली सवय? मी कधी ती पेटी हातात धरली नव्हती.

पेटीत काड्यापेट्या, खोट्या नोटा, निरनिराळ्या लांबीची थोटकं, तीन चष्म्यांच्या काड्या. तळाचा खण मुळीच अडकला नाही. आत पांढरा डावा हातमोजा होता आणि मोज्यात चार घड्या घातलेला पिवळा कागद.

‘सीन ८४, टेक ५. बाहेर जाताना दोन्ही मोजे हातात. – एच. डनिंग.’

"काय आहे गं?" डीनाने विचारलं.

"जुनी नोंद," मी म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

३० ऑक्टोबर, बुधवार

बेस खोटं बोलत नव्हती. तिच्या फायलीतून पान देवाने काढलेलं नव्हतं. तो कागद क्रॉलसाहेबांच्या टेबलावर ठेवला असता तर मिल्टची नोकरी राहिली असती. दोन सँडविच ठेवून तो सरळ कपडेपटात गेला होता, माझ्याआधी. आणि मी लिहिते, त्याला भूक नसावी.

३ नोव्हेंबर, रविवार

आज डीना कामावर गेल्यावर ट्युसनला फोन लावला. तिकडे घड्याळ एक तास पुढे. मुलीने त्याला बोलावून आणलं. काठीचा आवाज जवळ येत गेला.

मी त्याला हॅलो म्हणायचीही उसंत दिली नाही. "मिल्ट, मी लिहिलं होतं दोन्ही मोजे हातात. माझी चूक होती. मग मी पान बदललं आणि तुझी नोकरी जाताना जमिनीकडे बघत उभी राहिले."

काठी कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला.

"सीन नंबर?" त्याने विचारलं.

"चौऱ्याऐंशी."

"टेक?"

"पाच."

"हां. आता नोंद बरोबर झाली, मास्तरीणबाई."

मला रडू आवरेना. मी विचारलं, त्या रविवारी मला बोलू का दिलं नाहीस.

"नातीसमोर? वेडी आहेस का? ती तुला देव समजते."

"आणि तेव्हा? तेव्हा का गप्प बसलास?"

"मी दारात उभा होतो, हेझल. तू टाईप करत होतीस. वाटलं, मागे वळशील आणि म्हणशील, मिल्ट, घोटाळा झालाय माझ्याकडून. मी म्हणणार होतो, होऊ दे, आधी खाऊन घे, मग बघू. तू वळलीस, पण सँडविचकडे बघितलंस."

वरातीमागून घोडं म्हणतात तशी मी माफी मागितली. तो म्हणाला, "अगं, नोकरीचं मला कधीच काही वाटलं नाही. पिना आणि खिळे मी तिकडेही मोजतच होतो. फ्रेस्नोच्या स्टँडवर मार्चपर्यंत दर शनिवारी जात होतो, त्याचं मात्र वाटलं. दुपारी दोनची बस यायची. शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबायचो. तिथे कॉफीच्या खिडकीत एक मुलगी असायची. तिने एक दिवस विचारलं, तुम्ही ज्यांची वाट बघता ते दर वेळी बस चुकवतात का? ती एलीनॉर."

मग त्याने केकची कृती मुलीला सांगायला लावली आणि मी ती सांगितली.

फोन ठेवून खूप वेळ झाला. १२ ऑक्टोबरच्या नोंदीत दुरुस्ती करायची आहे. तो जाब विचारायला येणार असं मला वाटलं, म्हणून मी शनिवारी घराबाहेर राहिले, असं मी वर लिहिलंय. ते खरं नाही. तो येणार नव्हता, मला बोलावत होता, हे मला पत्र वाचतानाच कळलं होतं. पहिल्या शनिवारी मी सहाव्या रस्त्यावरच्या स्टँडवर जाऊन चौकशी केली होती. फ्रेस्नोची बस सकाळी सव्वाआठला, तिसऱ्या फाटकातून. दुसऱ्या शनिवारीही गेले, हिरवा कोट घालून, दोन्ही हातांत मोजे. बस सुटेपर्यंत बाकावर बसून होते. तिकीट काढलं नाही.